फिरतं ठेवायचं इंजिन

आमच्या लोणावळ्याच्या घरात एरंडेलाच्या दोन बाटल्या असत. एक स्वयंपाकघरात, आईच्या ताब्यात. अधूनमधून एखाद्या रविवारी त्यातलं एरंडेल आम्हा दोघा भावंडांच्या घशाखाली उतरे, नाक दाबून आणि वर लिंबाची फोड चोखायला देऊन. वैशाखात तेच वर्षाच्या तुरीच्या डाळीला चोळलं जाई, म्हणजे मग पावसाळाभर डाळीला कीड लागत नसे. दुसरी बाटली मधूदादाच्या टेबलावर, खिडकीपाशी. ती इंजिनाची. आईला हे काही केल्या पटत नसे. "अरे, इंजिनाला कसला आलाय कोठा?" असं ती विचारी. दादा म्हणे, "अगं आई, त्याला कोठा नाही, पण घसा आहे. कोरडा पडला की बसतो." यावर आई हात झटकून आत निघून जाई, आणि संध्याकाळी दूधवाल्या भागूमावशीला सांगे की आमचा मुलगा आता यंत्रांना जुलाब देतो.

इंजिन म्हणजे रेल्वेचं नव्हे हं. रेल्वेची इंजिनं तर दिवसभर आमच्या उशाशीच असत. आप्पा, म्हणजे आमचे वडील, स्टेशनवर तारबाबू होते आणि घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर. घाट चढून आलेल्या गाडीची मागची इंजिनं आमच्या स्टेशनात सुटत, तेव्हा साखळ्यांचा खणखणाट थेट आमच्या माजघरात ऐकू येई. दादाचं इंजिन मात्र माझ्या मुठीत मावे. कॉलेजातल्या एका मित्राच्या मामानं ते परदेशातून आणलं होतं. मित्राचं विमान पहिल्याच दिवशी झाडावर आपटलं, तो कंटाळला आणि इंजिन दादाला देऊन मोकळा झाला. एकच नळकांडं, त्याला बाहेरून पातळ कंगोरे, पुढे लाकडी पंखा, आणि डोक्यावर इवलासा प्लग. प्लगच्या आत केसासारखी बारीक तार. आप्पांच्या ऑफिसातून बाद झालेला एक मोठा सेल होता, तो लावला की ती तार लाल होई. मग पंख्याला बोटानं टिचकी मारायची. दहा वेळा नुसतं फुसफुसे, आणि अकराव्या वेळी असं काही किंचाळत सुटे की शेजारच्या कोंबड्या छपरावर. नंतर सेल काढून घेतला तरी तार आपली आपण लाल राही आणि इंजिन चालत राही. मला तर यातलं हेच आवडे. एकदा पेटलं की त्याला कोणाची गरज नाही! मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची, वेणी घट्ट घालून दारात रांगोळी काढणारी मुलगी. मला त्या इंजिनाचा चक्क हेवा वाटे.

दादाला विमान चालवायला शिकायचं होतं. नुसतं शिकायचं नव्हतं, त्याची निवडही झाली होती. शेवटच्या तपासणीत डॉक्टरांनी छातीला नळी लावली, मग फोटो काढला, आणि आमचा दादा ट्रंक घेऊन पुण्याहून परत आला. फुप्फुसाला डाग आहे, वर्षभर पडून राहा, हवापालट करा, असं सांगितलं होतं. आता लोणावळ्याच्या माणसानं हवापालटाला जायचं तरी कुठं? सगळी मुंबई हवा खायला आमच्याकडे येत होती! आप्पा हा विनोद प्रत्येक पाहुण्याला सांगत आणि सांगून झाल्यावर उगाचच चष्मा पुसत. दादाची खाट खिडकीपाशी टाकली, त्याचं ताट-वाटी वेगळं झालं, आणि स्पिरिटचा वास छातीला वाईट म्हणून इंजिनाला हात लावायची त्याला बंदी झाली. तेव्हापासून इंजिनाचे हात माझे आणि डोकं दादाचं, अशी वाटणी ठरली. तो खाटेवरून सांगे, मी ओसरीवर बसून करी.

चालवताना इंजिन अंगणातल्या बाकड्याला स्क्रूनं आवळलेलं असे. आत जायचं ते मेथिल स्पिरिट आणि एरंडेल यांचं मिश्रण. त्याच्या धुराला एक गोडसर, करपट वास येई. आजही कुठं एरंडेल तापलं की मी आहे तिथं थांबते, आणि सून विचारते, "आई, काय झालं?" काय सांगणार? तर चालवून झालं की खरं काम सुरू. टाकीत थेंब राहू द्यायचा नाही, सगळं जळून आपोआप बंद पडू द्यायचं, कारण ते स्पिरिट हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आत गंज धरतो. मग फडक्यानं पुसायचं, कंगोऱ्यांत अडकलेला चिकटा काडीनं काढायचा, आणि वरून शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडून पंखा हळूहळू फिरवायचा. शेवटी पिस्टन अशा जागी आणून थांबायचं की धुराचं भोक बंद राहील. मग धुवट धोतराच्या तुकड्यात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात. "चालताना एरंडेल, ठेवताना शिवणयंत्राचं तेल," दादा बजावी. "एरंडेल आत राहिलं की त्याची खळ होते. उलट केलंस तर कान उपटीन, कुमे." खाटेवरून उठायची परवानगी नसलेला माणूस कान उपटणार होता! मी जीभ दाखवी, पण उलट कधी केलं नाही.

भागूमावशी आमच्याकडे दूध घालायला येई, पलीकडच्या वाडीतून, डोंगराची पायवाट उतरून. दूध घालून झालं की ती आईला भांड्यांना हात लावी, जरा टेके आणि आमचा उद्योग बघे. इंजिन पहिल्यांदा सुरू झालेलं तिनं पाहिलं तेव्हा दुधाची किटली तिथंच टाकून ती फाटकापर्यंत पळाली होती. "आगं बया! ह्यो भुंगा हाय का भूत?" पुढं तिची भीड चेपली. ती दादाला विचारी, "मधूबाळा, ह्ये एवढंसं आन् आवाज केवढा! ह्येला काय खाया घालता?" दादा म्हणे, "एरंडेल." भागूमावशी कपाळाला हात लावी. "मंग वरडंल न्हाई तर काय करंल!"

लोणावळ्याचा पावसाळा ज्यानं काढला नाही त्याला ओल म्हणजे काय ते कळणार नाही. ढग दारातून आत येतात, माजघरातून फिरून मागच्या दारानं निघून जातात. मीठ वितळतं, आगपेटी पेटत नाही, चपलांवर पांढरी बुरशी चढते. शेगडीवर उपडी टोपली आणि टोपलीवर कपडे. सगळ्या घराला कोळशाचा आणि ओल्या सुताचा वास. गाड्या दिसत नसत, नुसत्या ऐकू येत; शिट्टी कुठून आली ते कळायच्या आत धुक्यात मुरून जाई. अशा दिवसांत इंजिन चालवणं शक्यच नव्हतं. ते ठेवायचं, पण फिरतं ठेवायचं. रोज दुपारी जेवणं झाल्यावर मी डबा उघडी, तेलाचा थेंब सोडी आणि पंखा सावकाश फिरवी. पिस्टन वर जाताना बोटाला दाब लागे, आणि वर पोचला की आतून बारीकसं "पुक्" होई. दादा डोळे मिटून त्या आवाजाची वाट बघत असे. आवाज झाला की म्हणे, "आहे." एवढंच. मग मी डबा बंद करी आणि पुन्हा पाऊस ऐकू यायला लागे. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ सुखं पाहिली, देवाच्या दयेनं. पण त्या दुपारांसारखं स्वस्थ काही पाहिलं नाही.

श्रावणात दादाला ताप चढला आणि उतरेना. एका सकाळी त्यानं तोंडाला लावलेला रुमाल आईनं हातातून ओढून घेतला आणि मुठीत दाबून धरला. मी बघू नये म्हणून. पण मी पाहिलंच. आप्पांनी पुण्याला तार केली, तिथल्या दवाखान्यात खाट मिळाली. टांगा दाराशी आला तेव्हा दादाला दोन्हीकडून धरून बसवलं. मी त्याची घोंगडी द्यायला पुढं झाले, तसा तो माझ्या कानाशी वाकला. "कुमे, ते फिरतं ठेव. ते फिरतंय तोवर मला काही होत नाही बघ." मी म्हटलं, "काहीतरीच काय!" तो हसला, पण त्याचे डोळे हसत नव्हते. मी हे कोणाला सांगितलं नाही. असलं काही मोठ्यानं बोललं की खरं होतं, असं मला तेव्हा वाटायचं. अजूनही थोडंसं वाटतंच.

चारच दिवसांत माझीही उचलबांगडी झाली. रोग सांसर्गिक, मुलगी वयात आलेली. सख्ख्या मावशीकडे तळेगावला पाठवून द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी डबा बरोबर नेईन म्हणून हटून बसले, तर आप्पा कधी नव्हे ते ओरडले. दादाच्या खोलीतली एकही वस्तू मावशीच्या लेकराबाळांत न्यायची नाही. मग मी आईला गळ घातली. पंखा कसा फिरवायचा ते दाखवलं, तेलाची बाटली दाखवली. आई डब्याकडे नाग असावा तशी बघत होती. "मी बघते," ती म्हणाली. "तू जा. मी नीट सांभाळते." आणि आईनं एकदा म्हटलं की ते झालंच, म्हणून मी निर्धास्तपणे गाडीत बसले. मावशीकडे मला काही कमी नव्हतं, पण दुपारची जेवणं झाली की माझं बोट आपोआप हवेत फिरे आणि मावसभावंडं हसत.

दिवाळी होऊन गेली आणि दादा परत आला. मलाही बोलावून घेतलं. ताप गेला होता, डाग वाळत होता, पण माणूस कसला, नुसता सदरा चालत आला होता. टांग्यातून उतरून खाटेवर टेकला आणि पहिला शब्द काढला तो, "इंजिन?" आई लगबगीनं आत गेली. तिचा चेहरा उजळला होता. एवढ्या दिवसांत तिच्या हातून एक तरी गोष्ट नीट झाली होती, ती आता लेकाला दाखवायची होती. चुलीवरच्या फळीवरून तिनं फडक्यातलं गाठोडं काढून आणलं. इंजिन नुसतं चकाकत होतं. दादानं ते मांडीवर घेतलं, पंख्याला बोट लावलं. हललं नाही. त्यानं दुसरं बोट लावलं. त्याच्या मनगटाची शीर वर आली, पण पंखा जागचा हलला नाही. "आई, काय लावलंस याला?" त्यानं अगदी हळू विचारलं.

"एरंडेल," आई म्हणाली. "कमी नाही लावलं हो. फिरवायला माझा हात धजेना. म्हटलं, माझ्या हातून मोडलं तर? म्हणून मग दर आठवड्याला भरपूर एरंडेल घातलं, सगळ्या भोकांतून. डाळ वर्षभर राहते, आणि याला तर रोजचं खाणंच एरंडेलाचं. ओल लागू नये म्हणून चुलीवर ठेवलं. का रे? चुकलं का?"

चुलीच्या उबेनं त्या एरंडेलाचं आत लुकण झालं होतं. दादा नुसतं, "असू दे," म्हणाला, इंजिन खाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडला. संध्याकाळ झाली तरी वळला नाही. आई माझ्या मागे लागली, एवढ्याशा खेळण्यापायी हा असा का करतो म्हणून. तेव्हा मला राहवलं नाही. टांग्यात बसताना दादा काय म्हणाला होता ते मी तिला सांगून टाकलं. आईनं ऐकून घेतलं. तिच्या हातात पोळपाट होता, तो तिनं जागेवर ठेवला, हात पुसले आणि सरळ दादाच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिली.

माझी आई मोठ्यानं बोलणारी बाई नव्हती. त्या दिवशी तिचा आवाज रुळांपर्यंत गेला असेल. "जीव ठेवायला तुला तेवढंच सापडलं? त्या मुठीएवढ्या लोखंडात? मला विचारून ठेवलास? ठेवायचाच होता तर मी होते ना इथं! मी काय मेले होते? उपास केले, नवस केले, तुझ्या त्या दगडाला डाळीसारखं जपलं, आणि तू म्हणतोस ते फिरत नाही म्हणून मी पण नाही? ऊठ, मधू. माझ्याकडे बघ!" ती रडत होती आणि रडता रडता ओरडत होती. दादा वळला नाही, पण त्याचा खांदा हलत होता. मी दाराला धरून उभी होते.

आई तडक स्वयंपाकघरात गेली. इंजिन तिनं तव्यावर ठेवलं, वर पातेलं पालथं घातलं आणि चुलीत दोन बारीक लाकडं सारली. "थंडीनं तूप गोठतं, तसं गोठलंय. ऊब लागली की सुटेल," ती म्हणाली. भागूमावशी संध्याकाळचं दूध घेऊन आली, तिनं पातेलं उचलून बघितलं. "वैनी, ही कसली भाकर वं?" इंजिन तापलं की ती फडक्यात धरून ओसरीवर आणी, चुलीपासून दूर. मी त्यात रॉकेलचे थेंब सोडी, दोघी मिळून पंखा ढकलून बघत असू, आणि पुन्हा तवा. एकदा, दोनदा, किती वेळा कोण जाणे. चिकट, तांबूस रस बाहेर यायला लागला, पण पंखा हलेना. शेवटी आईचा धीर सुटला. इंजिन तव्यावरच असताना तिनं चुलीशेजारची सांडशी उचलली आणि पंख्याच्या मुळाशी घट्ट आवळली.

"आई, सांडशी नको! आतला दांडा मोडेल!"

आम्ही मागे बघितलं. दादा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, चौकट धरून, अनवाणी. कोणाच्याही आधाराशिवाय तो खाटेपासून तिथवर आला होता. आईच्या हातातली सांडशी खाली पडली. तो चुलीसमोर बसला, भागूमावशीनं त्याच्या पाठीशी पाट उभा करून दिला. गरम इंजिन फडक्यात धरून तो पंखा हलवू लागला, जोर न लावता, इकडे जरासं, तिकडे जरासं, रुसलेल्या पोराचं मन वळवावं तसं. मग पंखा तांदळाएवढा सरकला. मग बोटभर. आणि मग एकदम गर्रकन अख्खा फेरा झाला आणि आतून आवाज आला, "पुक्". भागूमावशी म्हणाली, "सुटलं बया!" दादानं आईकडे पाहिलं. ती तोंडाला पदर लावून चुलीतलं लाकूड मागं ओढत होती.

त्यानंतर मी ते पुन्हा पुन्हा स्पिरिटनं धुतलं, शिवणयंत्राचं तेल दिलं, आणि नवं मिश्रण घालून अंगणात चालवलं. पहिल्यापेक्षा चांगलं चाललं म्हटलं तरी चालेल. दादा हळूहळू हिंडायला लागला होता. गेल्या वर्षी अर्धवट राहिलेलं विमान त्यानं पुरं केलं. कामट्या बांबूच्या, पुढचा ठोकळा पांगाऱ्याचा, वरून पतंगाचा कागद खळीनं चिकटवलेला. मार्गशीर्षातल्या एका सकाळी आप्पांनी रजा काढली, टांगा केला, आणि आम्ही खंडाळ्याच्या बाजूच्या पठारावर गेलो. आई आली. जन्मात अशी कुठं न जाणारी आई भाकरीचं गाठोडं घेऊन टांग्यात सर्वांच्या आधी बसली होती.

गवत पिवळं झालं होतं, कंबरेएवढं. दरीतून धुकं वर येऊन काठाशीच थांबलं होतं आणि त्याच्या खाली कोकण असेल असं वाटतच नव्हतं. जग तिथं संपलंय असंच वाटे. दादानं मला सांगून ठेवलं होतं की टाकीत चमचाभरच मिश्रण घालायचं, म्हणजे विमान थोडा वेळ चढतं आणि इंजिन बंद पडलं की तरंगत खाली येतं, त्याला धरून आणता येतं. त्या दिवशी दादानं बाटली माझ्या हातून घेतली आणि टाकी काठोकाठ भरली. "अरे, एवढं?" मी म्हटलं. "असू दे," तो म्हणाला. "एकदा पोटभर जाऊ दे त्याला." टिचकी मीच मारली. इंजिन पेटलं, मी सेल काढला, आणि दादानं दोन पावलं पुढं जाऊन विमान वाऱ्यावर सोडलं.

ते वळलं, आमच्या डोक्यावरून गेलं, पुन्हा वळलं. प्रत्येक फेऱ्याला वर चढत होतं. कागदाच्या पंखांतून ऊन आरपार येत होतं. मग वारा फिरला की काय झालं देव जाणे, विमान सरळ दरीच्या दिशेनं निघालं. आप्पा "अरे अरे अरे" करत धावले. ते काठ ओलांडून धुक्यावरून जात राहिलं. माशीएवढं झालं, ठिपक्याएवढं झालं, मग नुसता आवाज राहिला, आणि मग आवाजही ऐकू येतोय की वाटतोय ते कळेना. गेलं. खाली दोन हजार फूट दरी आणि रान. सापडण्याची बातच नव्हती.

आम्ही तिघंही विमानाकडे नव्हे, दादाकडे बघत होतो. आप्पा अर्ध्या वाटेत थांबले होते. आई उठून उभी राहिली होती, हात पुढं करून, तो पडला तर झेलायला. दादा दरीकडे तोंड करून उभा होता. किती वेळ उभा होता मला सांगता येणार नाही. मला तो वेळ फार वाटला. मग तो वळला, गवतातून चालत आमच्यापाशी आला आणि आईसमोर मांडी घालून बसला.

"आई, भाकरी सोड," तो म्हणाला. "भूक लागलीय."

आषाढापासून, तो घरी असेल तेव्हा तेव्हा, आम्ही त्या मुलामागं ताट घेऊन फिरत होतो. चार घास खा रे, दोन घास खा रे, निदान पेज तरी पी. भूक लागलीय हा शब्द त्याच्या तोंडून घरानं ऐकला नव्हता. आई खाली बसली आणि गाठोडं पुढं ओढलं. पण घाईघाईत गाठ काही सुटेना. शेवटी दादानंच ती दातांनी सोडली.